कुणाचे कुणाकडे काही उरले नाही

ज्याच्या कृपेवाचून पापणीही लवत नाही, ज्याने माणसाला दोन हात दिले परंतु ते स्वतःच्या पाठीपर्यंत नीट पोचू दिले नाहीत, त्या दयाघनाला वंदन. त्याने माझ्या लेखणीतून एकही अक्षर भयापोटी किंवा अहंकारापोटी उतरू देऊ नये, एवढेच मागते आणि लिहायला घेते.

प्रिय भाचीस,

वकीलबाई म्हणू की बाळ म्हणू? जिच्या वेण्या मी घातल्या, तिला पाहून आता मोठमोठ्या कचेऱ्यांतली माणसे उठून उभी राहतात, हे ऐकून ऊर भरून येतो. परंतु उठून उभे राहणाऱ्यांमध्ये खरे बोलणारा क्वचितच सापडतो, म्हणून ते काम तुझ्या म्हाताऱ्या मावशीकडे आले आहे असे समज.

तुझे पत्र पोचले. तू लिहितेस की हिवाळा सरल्यापासून वरच्या आणि खालच्या आळीतून एकही तक्रार तुझ्या शांतता समितीकडे आलेली नाही. ना पाण्यावरून, ना पोरांवरून, ना सांडपाण्यावरून. म्हणून आता शेवटचे पाऊल उचलायचे. दोन आळ्यांच्या मधल्या नळाच्या चौकात भिंत घालायची, तिच्या दोन अंगांना दोन नळ बसवायचे, आणि पहिली वीट मी ठेवायची, दोन्हीकडच्यांत वडीलधारी म्हणून, प्रार्थना म्हणत. शेवटी तू लिहिलेस, ‘आता तिथे भीती कसली? चिमणी तुझ्याजवळच राहू दे. समितीच्या अध्यक्षबाईंची लेक याच आळीत खेळते, हे लोकांना दिसू दे.’ हे शेवटचे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. तुझी लेक माझ्या पदरात आहे, म्हणूनच मी जे पाहते आहे ते तुला सांगणे मला भाग आहे. ताकाला जाऊन भांडे कशाला लपवू? मला भीती वाटते. आणि ती वाटण्याचे कारण, या आळ्यांत भिण्यासारखे काहीच घडत नाही, हेच आहे.

तुझा हेतू मी जाणते. परगावच्या दंगलीच्या चौकशीत तू वर्षभर बसलीस. शेजारणीकडून आणलेल्या एका पातेल्यावरून निघालेला शब्द प्रेतांपर्यंत कसा पोचला, हे तू तिथे साक्षीदारांच्या तोंडून ऐकलेस. त्यानंतर तुला पुष्कळ दिवस झोप नव्हती. तेव्हा भांडणाचे मूळच उपटावे असे तुला वाटले, यात तुझी चूक काढण्याचा मला अधिकार नाही. डॉक्टरसुद्धा दुखणारा दात आधी काढतो. फक्त सगळेच दात काढले तर घास कशाने चावायचा, हा प्रश्न उरतो.

तुझ्या त्या ‘निर्ऋण’ मोहिमेचा दिवस आठव. नळाच्या चौकात लांबलचक टेबल मांडले होते. ज्याने ज्याचे जे नेले असेल ते आणून ठेवावे, ज्याचे त्याने ओळखून न्यावे, म्हणजे कुणाचे कुणाकडे काही उरणार नाही आणि भांडायला निमित्त राहणार नाही. दोन्ही आळ्यांनी तुझा शब्द इतका पाळला की पाहत राहावे. चाळण्या, छत्र्या, पक्कड, इस्त्री, लग्नकार्यातल्या मोठ्या कढया, कुणाच्या तरी बाळंतपणात नेलेली गरम पाण्याची पिशवी. सगळे घासून पुसून आले. एक पाळणा आला, तो नेमका कुणाचा हे कुणालाच सांगता येईना. तीन पिढ्या तो या आळीतून त्या आळीत हिंडत होता आणि दोन्हीकडची पोरे त्याच्यात रडली होती. शेवटी समितीने तो कोठीत ठेवून कुलूप लावले. तू त्या दिवशी आनंदाने माझ्या पाया पडलीस. मी आशीर्वाद दिला. परंतु संध्याकाळी टेबल रिकामे झाले, माणसे आपापल्या वस्तू छातीशी धरून आपापल्या आळीत शिरली, आणि एकानेही मागे वळून पाहिले नाही. आपल्यात आता बोलायचे काय राहिले, असे त्या पाठी विचारत होत्या.

त्या दिवसापासून आवाज कमी होत गेला. चार भांडी एकत्र आली की वाजायचीच, असे आपण म्हणतो. नळावर आता भांडी वाजत नाहीत. पांढरा पट्टा ओढला आहे. त्याच्या अलीकडे वरची आळी, पलीकडे खालची. बायका रांगेने उभ्या राहतात आणि एकमेकींना म्हणतात, “आपण घ्या आधी.” “छे छे, आपणच घ्या.” अगं, ज्या बायका एकमेकींच्या सात पिढ्या रोज सकाळी धुऊन वाळत घालत होत्या, त्या ‘आपण’ म्हणतात! पाणी घागरीत पडताना कसा आवाज करते, हे मी या वयात पहिल्यांदा ऐकले. आधी पोकळ, मग भरत जाणारा, मग एकदम बंद. तो बंद झाला की दुसरी बाई पुढे सरकते. कुणी कुणाच्या डोळ्यांत पाहत नाही. दोन्ही दारांत तुकडा मोडून खाणारे आपले ते लंगडे कुत्रेही बावचळले आहे. दोन घरचा पाहुणा उपाशी म्हणतात. हे तर भर दुपारी पट्ट्यावर बसून दोन्हीकडे आळीपाळीने बघत असते आणि भुंकत नाही.

तुला वाटेल, मावशीला शांतता सोसत नाही. तसे नव्हे. मी आयुष्य ग्रंथांत घालवले, आणि शांती हा शब्द जितक्या वेळा माझ्या जिभेवरून गेला तितका दुसरा कुठला गेला नसेल. परंतु तेच ग्रंथ सांगतात की माणूस जन्मतो तो ऋण घेऊनच. देवाचे, गुरूंचे, पूर्वजांचे, आणि ज्यांच्या उंबऱ्यावरून चालत तो मोठा झाला त्यांचे. ते आयुष्यभर थोडे थोडे फेडायचे असते, कारण फेडताना पुन्हा जावे लागते. आणखी एक गोष्ट तेच ग्रंथ सांगतात, जी प्रवचनात मी कधी फारशी उलगडली नाही. जुन्या आख्यानांत जेव्हा जेव्हा महासंहार होतो, तेव्हा त्याच्या आदल्या प्रहरी दोन्ही पक्ष एकमेकांना अत्यंत आदराने वागवतात. वंदने होतात, क्षेम विचारले जाते, वडिलांची अनुज्ञा मागितली जाते. कुणी कुणाला शिवी देत नाही. शिवी द्यायला नाते लागते.

आणि हे मी केवळ वाचलेले नाही. आमच्या लहानपणीच्या जाळपोळीची गोष्ट तू झोपताना हट्टाने ऐकायचीस आणि खिदळायचीस. कारण मी ती तशीच सांगत होते. आज न हसता ऐक. ती जाळपोळ होण्याआधी काही दिवस खालच्या आळीतून आमच्या वस्तू परत येऊ लागल्या होत्या. कुणी बोलावले नव्हते, कुणी टेबल मांडले नव्हते. माझी आई दारात चाळणी हातात घेऊन उभी होती, ते मला अजून दिसते. ती बाबांना म्हणाली, “अहो, चाळणी परत आली. धुऊन, पुसून. वर ती बाई हात जोडून गेली. मला काही बरं वाटत नाही.” बाबा हसले. म्हणाले, “वस्तू परत आली तरी रड, नाही आली तरी रड. तुम्हा बायकांचं काही कळत नाही.” परंतु परत आली ती चाळणी नव्हती. आम्ही त्यांच्या घरातून परत आलो होतो. पुढे हात उचलायचा असेल तर त्या हातात समोरच्याचे काही असून चालत नाही, हे माणसाला कुणी शिकवावे लागत नाही.

एक शिडी मात्र राहिली होती. खालच्या आळीतल्या शिंप्याची शिडी बाबांनी छप्पर शाकारायला आणली होती आणि तिची पायरी मोडली होती. मोडकी होतीच, असे बाबांचे म्हणणे. धडधाकट दिली होती, असे त्याचे. त्याला सारी आळी ‘कटकटे’ म्हणायची, आणि तो त्या नावाला जागायचा. महिना दोन महिने दोघांचे रोज वाजत होते. त्या दुपारी जमाव वर आला तेव्हा आमच्या दारात कटकटे आधीच उभा होता, भांडायला. कुणीतरी त्याला म्हणाले, बाजूला हो. तो म्हणाला, “होतो की. पण माझी शिडी आत आहे. आधी शिडी, मग काडी.” लोक ओरडले. तो त्यांच्यावर जास्त ओरडला. आतून बंद दारामागून बाबांनाही राहवेना. “पायरी आधीच मोडकी होती, सांग त्यांना!” असा त्यांचा आवाज आला. बाहेरून उत्तर, “मोडकी होती तर चढलास कशाला, दीडशहाण्या?” जमावात कुणीतरी हसले. बाळ, त्या हसण्याने काय झाले ते मी सांगू शकत नाही. एवढेच ठाऊक आहे की त्यांचे पाय आमच्या दारावरून पुढे गेले. आमच्या दोन्ही अंगांची घरे जळाली. त्या घरांतून सगळे काही वेळेवर परत गेले होते.

चौकशी मंडळाने नंतर कारणे शोधली. पाणी कमी होते, गिरणी बंद पडली होती, बाहेरून आलेल्या दोन वक्त्यांनी विष पेरले होते. सारे खरे आहे. तू ती कारणे माझ्याहून चांगली जाणतेस आणि त्यांच्यावर उपायही करतेस. नवा नळ, पोरांना काम, अफवा पसरवणाऱ्यावर खटला. ते तू करीतच राहा, त्यावाचून काही उभे राहणार नाही. मी फक्त एवढेच म्हणते की वैर भांडणातून जन्मत नाही. भांडण उठून गेल्यावर जी जागा रिकामी होते, तिथे ते येऊन बसते. भांडणाऱ्याला उद्या पुन्हा भेटायचे असते. ज्याला भेटायचेच नाही तो कशाला भांडेल?

आता चिमणीविषयी. परवा दुपारी ती ओसरीवर खेळत होती. तिने आपल्या सगळ्या बाहुल्यांना ओल्या फडक्याने पुसले. एकीच्या अंगावरचा दुसरीचा झगा काढून जिचा तिला घातला, मणी जिचे तिला दिले, आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून ओळीने बसवले. मी कौतुकाने विचारले, हा कुठला खेळ? ती म्हणाली, “आजी, हा परत-परतचा खेळ. आता कुणाचं कुणाकडे काही नाही. आता सुरू करता येईल.” मी विचारले, काय सुरू करता येईल? ती खांदे उडवून म्हणाली, “ते नाही माहीत. शाळेत सगळे एवढंच खेळतात.” मी एक बाहुली तिच्याकडे वळवायला हात पुढे केला, तर तिने माझा हात धरला आणि अगदी हळू म्हणाली, “बघायचं नाही. बघितलं की येत नाही.”

त्याच दिवशी सुतार माझ्या कपाटाची बिजागरी बसवायला आला होता. तो आपल्या आळीतला, तुझ्या ओळखीचा, बडबड्या. आता बोलत नाही. मीच विचारले, काम बरे चालले आहे ना? म्हणाला, “काम चिक्कार आहे, बाई. दोन्हीकडं एकच काम. खिडक्यांना आतून फळ्या.” कशासाठी, असे विचारल्यावर खिळा दातांत धरून त्याने खालच्या आळीकडे मान हलवली. “ते लावतायत म्हणून आपले लावतात.” आणि ते कशासाठी लावतात? “आपले लावतायत म्हणून. बाई, मीच दोन्हीकडं लावतो ना, मला नाही विचारायचं तर कुणाला?” हे सांगताना तो हसला, आणि मग त्याला स्वतःच्याच हसण्याचे भय वाटल्यासारखा गप्प झाला.

हे सगळे मी मनातच ठेवले असते. परंतु आज सकाळी शिंपी माझ्याकडे आला. कटकट्याचा मुलगा, आता स्वतःच आजोबा झालेला. बापाचे भांडखोरपण त्याने पुरेपूर घेतले आहे. माझ्या न्हाणीचे पाणी त्याच्या अंगणात उतरते, म्हणून गेली कित्येक वर्षे आमचे हाडवैर होते आणि त्या हाडवैरावर आम्ही दोघे सुखाने म्हातारे झालो. तो आत आला, पायताणे बाहेर काढून, जे त्याने कधीच केले नव्हते. रिकाम्या हातांनी उभा राहिला आणि म्हणाला, “बाईसाहेब, पाण्यावरनं तुम्हाला फार बोललो. झालं गेलं माफ करा.” मी म्हटले, केले. तो गेला नाही. खाली बघत म्हणाला, “आणि पुढं काही झालं, तर तेही.”

बाळ, मी त्याच्या तोंडाकडे पाहिले. ते मारेकऱ्याचे तोंड नव्हते. भ्यालेल्या पोराचे होते. मी विचारले, अरे, काय होणार आहे? तो म्हणाला, “कोण जाणे. पण तुमच्याकडं सगळी तयारी झालीय म्हणतात.” अगदी हेच शब्द, याच दबक्या सुरात, मी आपल्या आळीत त्यांच्याविषयी रोज ऐकते. दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या भीतीने फळ्या ठोकत आहेत, आणि त्या ठोकण्याचा आवाज ऐकून दोन्हीकडची भीती वाढते आहे. कुणालाच काही नको आहे, आणि तरीही ते येते आहे, दुपारच्या उन्हासारखे, सगळ्यांच्या अंगावर सारखेच.

तो पाठ वळवून जायला निघाला, आणि ती पाठ पाहून मला तुझे ते रिकामे टेबल आठवले. मी देवाचे नाव घेतले आणि उठले.

आता तुला सांगते. हे पत्र मी आपल्या घरातून लिहीत नाही. मी खालच्या आळीत, शिंप्याच्या बाहेरच्या खोलीत, त्याच्या कापड कापायच्या टेबलावर लिहिते आहे. मी वळकटी काखेत मारली, चिमणीचे बोट धरले, भर उन्हात पांढरा पट्टा ओलांडला आणि त्याच्या मागोमाग त्याच्या घरात शिरले. त्याला म्हटले, मला आणि या पोरीला राहायला जागा दे, आणि तुझ्या बायकोला नि सुनेला तान्ह्यासकट माझ्या घरी पाठव. माझी चूल त्यांची, तुझी चूल माझी. किती दिवस ते विचारू नकोस. तो इतक्या मोठ्याने ओरडला की कित्येक महिन्यांत या आळीने तसा आवाज ऐकला नसेल. “बाई, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? पोर कुणाची ती? उद्या हिला खरचटलं तर तिच्या आईला मी काय तोंड दाखवू?” मी म्हटले, तेच तर. आता तुला तोंड दाखवावे लागेल. तो मटकन खाली बसला. त्याच्या बायकोने तान्ह्याला उचलले, सुनेला हाक मारली, आणि जाता जाता मला बजावले, “मिठाचा डबा जागचा हलवायचा नाही.” आम्ही आल्यापासून खिडकी उघडी ठेवण्यावरून शिंप्याचे आणि माझे दोनदा वाजले आहे. ती उघडी आहे. समोर आपल्या आळीतल्या दोन खिडक्यांच्या फळ्या निघाल्या. एक लगेच पुन्हा बसली. दुसरी अजून उघडी आहे. पलीकडे कोण उभे आहे, ते इथून दिसत नाही.

तू हे वाचून धावत सुटशील, हे मला कळते. चिमणीला न्यायला गाडी पाठवावीशी वाटेल. पाठवू नकोस. अध्यक्षबाईंची लेक गाडीत बसून गेली, की दोन्ही आळ्या त्याचा एकच अर्थ काढतील, आणि तोच अर्थ ऐकायला त्या कान टवकारून बसल्या आहेत. भिंतीच्या विटेला मी हात लावणार नाही. ते काम थांबव, आणि तू स्वतः ये. पहारा न घेता, आणि वर नव्हे, इथे खाली. हे तारेल की नाही, मी जाणत नाही. जाणण्याचे सोंगही आणत नाही. मी तुला न विचारता तुझे सर्वस्व उसने देऊन बसले आहे, आणि याबद्दल तू माझ्यावर रागावशील तेवढे थोडेच आहे. हे लिहिते आहे तोच आत चिमणी आणि शिंप्याची थोरली नात एका रिळावरून कडाकडा भांडू लागल्या आहेत. दोघी गळा काढून रडत आहेत. घरातले कुणी त्यांना गप्प करायला उठत नाही. शिंप्याने यंत्राचे चाक हाताने थांबवून धरले आहे. बाहेर नळाचे पाणीही कुणीतरी बंद केले. सारी आळी श्वास रोखून ते रडणे ऐकते आहे.

हे पत्र तुझ्याआधी किंवा तुझ्यानंतर आणखी कुणाच्या हाती पडले, तर त्यालाही माझा आशीर्वाद आहे: तुझ्या घरात शेजाऱ्याचे काहीतरी सदैव राहो, तुझे काहीतरी शेजाऱ्याच्या घरात राहो, तुझ्या दाराशी येणाऱ्याला भांडण्याइतकी तुझी माया वाटो, आणि तो जगन्नियंता तुमच्या दोघांच्याही खिडक्या उघड्या ठेवो.

तुझीच,
मावशी